निनावी अकाउंटवरून घाणेरड्या कमेंट येतायत? आधी काय, नंतर काय, सगळं सविस्तर

पुरणपोळीचा व्हिडिओ टाकलेला असतो आणि खाली कुणीतरी, ज्याच्या प्रोफाइलला गुलाबाच्या फुलाचा फोटो आणि नावाच्या जागी यूजर आणि पुढे सात-आठ आकडे, तो त्या बाईच्या अंगाबद्दल लिहून जातो. शेतकरी पोरगा सोयाबीनच्या भावावर बोलतो आणि खाली त्याची जात निघते. कॉलेजची मुलगी डान्सचं रील टाकते आणि तिच्या आईवडिलांचे संस्कार काढले जातात. हे सगळं रोज होतंय आणि ज्यांना होतं ते बहुतेक लोक दोनपैकी एकच करतात, एकतर तिथेच शिवीला शिवी देत भांडत बसतात नाहीतर रागाने सगळं डिलीट करून, अकाउंट बंद करून मोकळे होतात. दोन्हीत तुमचं नुकसान आहे. भांडलात तर त्याला पाहिजे ते मिळालं, डिलीट केलंत तर उद्या तक्रार करायची वेळ आली की हातात पुरावा नाही.

म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर क्रम ठेवा: आधी जपून ठेवायचं, मग झाकायचं, मग तक्रार, आणि ब्लॉक सगळ्यात शेवटी.

आधी ही कमेंट कोणत्या जातकुळीची आहे ते ठरवा

सगळ्या वाईट कमेंट सारख्या नसतात आणि सगळ्यांना एकच औषध लावलं तर थकायला होतं. "आवाज नीट येत नाही, मीठ जास्त पडलं, तुमचा मुद्दा चुकीचा आहे" ही टीका आहे, बोलायची पद्धत उद्धट असली तरी टीकाच आहे, आणि ती राहू द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. टीका उडवायची सवय लागली की हळूहळू खाली फक्त "खूप छान ताई" उरतं आणि चांगले वाचक निघून जातात.

दुसरा प्रकार नुसत्या उद्धटपणाचा. शिव्या, टोमणे, रंगावरून, वजनावरून, बोलीवरून हिणवणं (मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्यांना हे फार सोसावं लागतं). हे त्रासदायक आहे पण यातलं बरंचसं कायद्याने गुन्हा ठरत नाही. इथे थोडा इतिहास माहीत असू द्या. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर जो बंद झाला त्यावर फेसबुकवर लिहिलं म्हणून आणि त्या पोस्टला लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. त्यावरून देशभर गदारोळ झाला, श्रेया सिंघल यांनी सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि 24 मार्च 2015 ला कोर्टाने आयटी कायद्याचं 66अ हे कलमच रद्द केलं, कारण "त्रासदायक", "अपमानकारक" असल्या मोघम शब्दांवर कुणालाही आत टाकता येत होतं. त्यामुळे आज कुणी तुम्हाला "66अ लावा त्याला" असा सल्ला दिला तर तो सल्ला कामाचा नाही, ते कलम अस्तित्वातच नाही. आणि ते गेलं ते चांगलंच झालं, उद्या तुमच्याच एखाद्या पोस्टवर तेच कलम लागलं असतं.

तिसरा प्रकार मात्र गंभीर. मारायची किंवा बलात्काराची धमकी, लैंगिक कमेंट, तुमचा पत्ता-नंबर-मुलांची शाळा उघड करणं, तुमच्या फोटोत फेरफार करून टाकणं, तुमच्या नावाने खोटं अकाउंट काढणं, पुन्हापुन्हा नवीन अकाउंट काढून मागे लागणं, जातीवरून अपमान. यातल्या एकाही गोष्टीवर "सोड ना, दुर्लक्ष कर" हा सल्ला ऐकू नका. घरचे लोक काळजीपोटी म्हणतात पण तो सल्ला इथे चुकीचा आहे.

प्रकार ठरवताना शंका असेल तर स्वतः ठरवू नका, एखाद्या मैत्रिणीला किंवा भावाला वाचायला द्या. ज्याला लागलेलं असतं त्याला त्या क्षणी एकतर सगळंच भयंकर वाटतं नाहीतर धमकीसुद्धा "असं चालतंच" वाटते.

पुरावा: नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही

लोक कमेंटचा स्क्रीनशॉट काढतात, त्यात नाव आणि मजकूर दिसतो, आणि वाटतं झालं काम. पण निनावी अकाउंटवाला दुसऱ्या दिवशी नाव बदलतो, फोटो बदलतो, हँडल बदलतो, मग तुमच्या स्क्रीनशॉटमधलं नाव कुठेच सापडत नाही. म्हणून हे सगळं घ्या:

कमेंटची स्वतःची लिंक. यूट्यूब आणि फेसबुकवर कमेंटच्या शेजारी वेळ लिहिलेली असते, "2 तासांपूर्वी" वगैरे, त्यावर क्लिक केलं की फक्त त्या कमेंटची लिंक उघडते, ती कॉपी करून ठेवा. कॉम्प्युटरवर हे जास्त सोपं जातं.

त्या अकाउंटच्या प्रोफाइलची लिंक, आणि बदलता न येणारा नंबर मिळाला तर उत्तमच. यूट्यूबवर प्रत्येक चॅनलला यूसी अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक आयडी असतो, हँडल बदललं तरी तो बदलत नाही, चॅनलच्या माहितीत शेअर केलं की आयडी कॉपी करायचा पर्याय येतो.

स्क्रीन रेकॉर्डिंग. प्रोफाइल उघडण्यापासून, खाली स्क्रोल करत त्याच्या इतर पोस्ट, मग तुमच्या पोस्टवर येऊन कमेंट, सगळं एका सलग व्हिडिओत. याने "हे एडिट केलंय" म्हणायला जागा राहत नाही.

तारीख आणि अचूक वेळ, मिनिटासकट. याचं कारण नीट समजून घ्या कारण पुढे सगळा तपास यावर उभा असतो. पोलिस कंपनीकडे माहिती मागतात तेव्हा त्यांना मिळतो इंटरनेट जोडणीचा नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, आणि आपल्याकडे मोबाइल डेटावर एकच आयपी एकाच वेळी शेकडो ग्राहक वापरत असू शकतात. त्यातला नेमका कोण हे शोधायला नेमकी वेळ लागते. "गेल्या आठवड्यात कधीतरी" असं सांगितलं तर तपास तिथेच अडतो.

हे सगळं एका फोल्डरमध्ये टाका, एक कॉपी ईमेलवर स्वतःलाच पाठवा, आणि एका साध्या कागदावर किंवा नोट्समध्ये तक्ता ठेवा: तारीख, वेळ, कुठे, काय लिहिलं, लिंक. कमेंट एकाची दहा होतात तेव्हा हा तक्ता फार उपयोगी पडतो कारण त्यातून दिसतं की हा पाठलाग आहे. ज्या फोनवरून स्क्रीनशॉट काढले तो फोन फॉर्मॅट करू नका, विकू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्यात कोणत्या डिव्हाइसवरून काढलं ते येतं.

आणि उशीर करू नका. 2021 च्या आयटी नियमांत कंपन्यांना काढलेला मजकूर आणि बंद केलेल्या अकाउंटची माहिती तपासासाठी 180 दिवस जपून ठेवायला सांगितलंय. सहा महिने म्हणजे खूप वाटतात पण पोलिस ठाण्याच्या चकरा, पत्रव्यवहार यात ते भुर्रकन जातात.

आता झाका, पण त्याला कळू न देता

ब्लॉक केलं की समोरच्याला लगेच कळतं आणि तो पाच मिनिटांत दुसरं अकाउंट काढतो. त्यापेक्षा असे पर्याय वापरा ज्यात तो लिहीत राहतो पण इतरांना दिसत नाही. त्याला वाटतं सगळे वाचतायत, प्रतिसाद काहीच येत नाही, आणि बरेचसे कंटाळून जातात.

यूट्यूबवर कमेंटच्या तीन टिंबांत "हाइड यूजर फ्रॉम चॅनल" आहे, तो वापरा. इन्स्टाग्रामवर "रिस्ट्रिक्ट" आहे, त्याने त्याची नवीन कमेंट फक्त त्याला स्वतःलाच दिसते आणि मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतो. फेसबुकवर "हाइड कमेंट" केलं तर ती त्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, बाकीच्यांना नाही, त्यामुळे गावातलंच कुणी असेल आणि कॉमन मित्र बरेच असतील तर हाइड पुरत नाही, तिथे पुरावा घेऊन डिलीटच करा. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) लक्षात ठेवा की 2024 च्या शेवटी त्यांनी ब्लॉकचा अर्थच बदलला, ब्लॉक केलेला माणूस तुमच्या पब्लिक पोस्ट बघू शकतो, फक्त रिप्लाय वगैरे करू शकत नाही. त्यामुळे एक्सवर खरंच दिसायला नको असेल तर अकाउंट प्रोटेक्टेड करणं हाच उपाय. इन्स्टाग्रामवर शेवटी ब्लॉक करायची वेळ आली तर "आणि त्याची इतर किंवा नवीन अकाउंट" हा पर्याय निवडायला विसरू नका.

एकदम झुंड आली तर (एखादं रील चुकीच्या ग्रुपमध्ये फिरलं की रात्रीत शेकडो येतात) एकेक कमेंट झाकत बसू नका. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये लिमिट्स आहे, तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांच्या आणि नुकतंच फॉलो केलेल्यांच्या कमेंट काही दिवसांसाठी बाजूला पडतात. यूट्यूबवर त्या व्हिडिओपुरत्या कमेंट "होल्ड" वर टाका म्हणजे तुम्ही पास केल्याशिवाय दिसणार नाहीत. त्या दिवसात कमेंट वाचायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, हे मी फार आग्रहाने सांगतेय, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यानेच ते सगळं वाचून साफ करायचं ही पद्धत क्रूर आहे.

शब्दांची यादी, आणि इथे मराठी माणसाला जास्त मेहनत आहे

सगळ्या मोठ्या साइट्सवर शब्द ब्लॉक करायची सोय आहे. इन्स्टाग्रामवर "हिडन वर्ड्स", यूट्यूब स्टुडिओत सेटिंग्जमधल्या कम्युनिटीत "ब्लॉक्ड वर्ड्स", फेसबुक पेजला मॉडरेशनमध्ये. कंपन्यांचं स्वतःचं फिल्टर इंग्रजीत बरं चालतं पण मराठी शिव्या त्याच्या हातून सर्रास सुटतात, आणि आपले लोक एकच शिवी पाच प्रकारे लिहितात. त्यामुळे तुमची यादी तुम्हीच करायची, आणि ती नीट करायची.

प्रत्येक शब्द देवनागरीत एकदा आणि इंग्रजी अक्षरांत जितक्या स्पेलिंगने लोक लिहितात तितक्यांदा. एक ए, दोन ए, शेवटी एच, मध्ये स्टार, ओ च्या जागी शून्य. मग मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, मूळ शब्द ब्लॉक केला तरी "-च्या", "-ला", "-नो", "-ची" लागलेलं रूप सुटून जाऊ शकतं, म्हणून ती रूपंही टाका. हिंदी शिव्या टाका, त्या मराठी कमेंटमध्ये भरपूर येतात. इमोजी पण टाकता येतात. ज्यांना टोपणनावाने चिडवलं जातं त्यांनी ते टोपणनाव टाका, आणि तुमचा मोबाइल नंबर, सोसायटीचं नाव, मुलांच्या शाळेचं नाव हेसुद्धा यादीत टाका, म्हणजे कुणी उघड करायचा प्रयत्न केला तर ती कमेंट आपोआप अडकेल. मला विचाराल तर यादीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि तोच लोक विसरतात.

मात्र "काळी", "जाडी" असले रोजचे शब्द सरसकट टाकू नका, काळी मिरी आणि बाजरीची जाड भाकरी विचारणाऱ्या बिचाऱ्या बायकांच्या कमेंट अडकतील. असे शब्द जोडीने टाका, म्हणजे नेहमी ज्या वाक्यात हिणवतात तो तुकडा.

उत्तर द्यायचं का?

दिलं तर एकदाच, आणि त्याच्यासाठी नाही, बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी. "तुमचं मत वेगळं असू शकतं, इथे शिवीगाळ चालत नाही, कमेंट काढतेय" एवढं पुरे. नंतर तो काहीही म्हणो, दुसरं उत्तर नाही. खोटी माहिती पसरवली असेल (समजा तुमच्या मसाल्यात भेसळ आहे, पैसे घेऊन माल दिला नाही) तर मात्र शांतपणे खरं काय ते लिहून पिन करा, कारण गिऱ्हाईक ते वाचून ठरवतं.

जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये मांडलं होतं की ओळख झाकलेली, समोरचा चेहरा दिसत नाही आणि उत्तर लगेच मिळत नाही अशा स्थितीत माणसाचा आतला ब्रेक सुटतो. हे सांगायचं कारण, त्या शिव्या तुमच्याबद्दलचं सत्य नसतात. तो उद्या दुसऱ्या कुणाला तेच शब्द लिहिणार आहे. त्याचं प्रोफाइल उघडून त्याच्या इतर कमेंट बघा, बहुतेक वेळा हे स्पष्ट दिसतं.

एक अजिबात करायचं नाही: "हा अमुकच असणार" म्हणून कुणा ओळखीच्याचं नाव, फोटो, नंबर जाहीर करणं. अंदाज चुकला तर निरपराध माणूस बदनाम होतो आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो. आणि "दोन हजारात आयपी काढून देतो, अकाउंट हॅक करून देतो" म्हणणारे इन्स्टावर भरपूर आहेत, ते पैसे घेऊन गायब होतात किंवा तुमचेच फोटो घेऊन तुम्हालाच ब्लॅकमेल करतात. अकाउंटमागे कोण आहे हे कंपनीकडून कायदेशीरपणे पोलिस किंवा कोर्टच काढू शकतं.

तक्रारीची पायरी, एक एक करून

पहिली अ‍ॅपमधलीच रिपोर्ट. कारण बरोबर निवडा, धमकी असेल तर धमकी, खोटं अकाउंट असेल तर इम्पर्सनेशन. घाईत "स्पॅम" निवडलं तर तपासणी चुकीच्या रांगेत जाते.

दाद मिळाली नाही तर त्या कंपनीचा ग्रिव्हन्स ऑफिसर, म्हणजे तक्रार निवारण अधिकारी. 50 लाखांहून जास्त यूजर असलेल्या प्रत्येक सोशल मीडिया कंपनीला भारतात राहणारा असा अधिकारी नेमणं 2021 च्या नियमांनी बंधनकारक आहे, त्याचा पत्ता साइटवर द्यावा लागतो. नियम आले तेव्हा पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत अशी मुदत होती, नग्न किंवा मॉर्फ केलेल्या फोटोसाठी 24 तासांत काढणं. नियमांत दुरुस्त्या होत राहतात, तक्रारीच्या दिवशी चालू मुदत बघून घ्या आणि मेलमध्ये तिचा उल्लेख करा. मेल छोटा ठेवा: लिंक, तारीख-वेळ, काय लिहिलंय, मराठी मजकुराचा साधा इंग्रजी अर्थ (वाचणाऱ्याला मराठी येईलच असं नाही), आणि तुम्हाला काय हवंय.

तिथेही नाही म्हणाले तर 30 दिवसांच्या आत ग्रिव्हन्स अपेलेट कमिटीकडे अपील करता येतं. केंद्र सरकारच्या या समित्या 2023 पासून आहेत, सगळं ऑनलाइन, वकील लागत नाही. मराठी लोकांना ही सोय जवळजवळ माहीतच नाही, कृपया वापरा.

खाजगी फोटो पसरवायची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय नावाची मोफत सेवा आहे, फोटो अपलोड न करता तुमच्याच फोनवर त्याचा कोड तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो फोटो अडवतात. 18 वर्षांखालील असताना काढलेल्या फोटोंसाठी अशीच टेक इट डाउन.

पोलिस

तिसऱ्या प्रकारातलं काहीही असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार करा. महिला आणि मुलांसाठी वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही करता येते, पण नाव देऊन केलीत तर नंबर मिळतो आणि पुढे काय झालं ते बघता येतं. 1930 हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. जीवाला धोका वाटत असेल तर पोर्टल वगैरे बाजूला ठेवून थेट 112.

पोर्टलवर केलं तरी जवळच्या पोलिस ठाण्यातही जा. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. पुष्कळदा नुसती एनसी (अदखलपात्र नोंद, जिच्यावर पोलिस आपणहून तपास करत नाहीत) देऊन पाठवतात, म्हणून जाताना कलमं लिहून न्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात: कलम 75 लैंगिक शेरे, 78 पाठलाग (बाईचा इंटरनेटवरचा पाठलागही यात येतो), 79 स्त्रीच्या लज्जेचा अपमान, 351 धमकी. त्यातही 351 चं चौथं उपकलम खास ओळख लपवून धमकी देणाऱ्यासाठी आहे, धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आयटी कायद्यातलं 66सी दुसऱ्याची ओळख वापरण्यासाठी, 67 अश्लील मजकुरासाठी. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीतले असाल आणि जातीवाचक अपमान असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा सांगा. नुसती बदनामी, कलम 356, अदखलपात्र आहे, तिथे एनसीच मिळेल, पुढे कोर्टात खाजगी तक्रार करावी लागते.

ठाण्यात घेतलंच नाही तर पोलिस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार, मग मॅजिस्ट्रेट. एकटं जाऊ नका, सोबत कुणीतरी न्या, आणि प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का घ्या. धंद्याचं मोठं नुकसान होत असेल तर दिवाणी कोर्टात अज्ञात माणसाविरुद्धही आदेश मागता येतो, इंग्लंड-अमेरिकेत ज्याला जॉन डो म्हणतात त्याला आपल्या कोर्टांत अशोक कुमार म्हणतात, पण त्याला वकील आणि पैसा दोन्ही लागतं.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी लोकांसाठी तिकडे ईसेफ्टी कमिशनर आहे, प्रौढांवरच्या गंभीर ऑनलाइन छळासाठी आधी साइटला रिपोर्ट करायचं, 48 तासांत काढलं नाही तर कमिशनरकडे जायचं.

मुलांच्या बाबतीत

मूल अचानक फोन उलटा ठेवायला लागलं, नोटिफिकेशन वाजलं की दचकायला लागलं तर विचारा. पण विचारायच्या आधी मनाशी पक्कं करा की फोन काढून घेणार नाही. मुलं सांगत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच असतं की शिक्षा त्यांनाच होते, फोन जातो, क्लासचे ग्रुप जातात, मैत्रिणी जातात. "फोन तुझाच राहील, आपण दोघं मिळून बघू" हे वाक्य आधी, प्रश्न नंतर. कमेंट करणारं अकाउंट शाळेतल्याच कुणाचं वाटत असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, तोंडी नको. चाइल्डलाइन 1098 आहे. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, मरणाचं बोलत असेल तर त्याच दिवशी टेलिमानस 14416 ला फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलतात, आणि मोठ्यांसाठीसुद्धा आहे.

तुम्ही फक्त बघणारे असाल तर

त्या शिवीवर हसरा इमोजी टाकू नका आणि "बघा किती नीच लोक" म्हणून तिचा स्क्रीनशॉट शेअरही करू नका, दोन्हीने ती आणखी लोकांपर्यंत जाते. अकाउंट रिपोर्ट करा. कमेंटची लिंक आणि स्क्रीनशॉट काढून, जिच्या पोस्टखाली ती शिवी आली त्या बाईला खाजगीत पाठवा, "काढून टाकली तरी माझ्याकडे आहे" असं सांगा, कारण तिने कदाचित घाबरून आधीच डिलीट केलेलं असेल. आणि पोस्टखाली तिच्या मूळ विषयावर एक खरी कमेंट लिहा, पुरणाला डाळ किती वेळ शिजवली, सोयाबीनला कुठल्या मार्केटला काय भाव मिळाला, असं काहीतरी.